परदेशी विद्यार्थी, कॉलेज आणि संपर्काची साधनं: पुण्यातल्या समन्वयकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आफ्रिका, पश्चिम आशिया, अफगाणिस्तान, नेपाळ, बांगलादेश अशा अनेक ठिकाणांहून मुलं-मुली शिकायला येतात. त्यांचं काम पाहणारे समन्वयक, वर्गशिक्षक, वसतिगृहाचे रेक्टर आणि वर्गाचे सीआर (वर्गप्रतिनिधी) यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. महाराष्ट्रातल्या इतर शहरांतही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

मेल आहे, पोर्टल आहे, तीन-तीन ग्रुप आहेत. तरी परदेशी मुलांना गोष्टी कळत का नाहीत?

कारण एकच गोष्ट पाच ठिकाणी अर्धी-अर्धी पडते. परीक्षेचा फॉर्म सुटल्याची नोटीस बोर्डावर, शेवटची तारीख वर्गाच्या ग्रुपवर, वाढवलेली तारीख सरांनी वर्गात तोंडी सांगितलेली. इथल्या मुलाला हे तुकडे मित्रांकडून, कँटीनमध्ये, ऑफिसातल्या मामांकडून मिळतात आणि तो जोडून घेतो. परदेशी मुलाकडे ही ऐकीव माहितीची वाट नसते. तुमची सगळी साधनं चालू असली, तरी त्याला लागते ती हीच वाट. म्हणून नवं ॲप घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कोणत्या साधनाचं काय काम, आणि मुलानं प्रश्न विचारला की उत्तर कोणी द्यायचं. दुसरी गोष्ट ठरलेली नसेल तर पहिलीचा काही उपयोग नाही.

मग साधनं किती ठेवायची?

चार पुरतात. ईमेल: ज्याची नोंद राहायला हवी ते सगळं, म्हणजे फी, एलिजिबिलिटी (विद्यापीठाकडून होणारी प्रवेशपात्रतेची तपासणी), परीक्षा, व्हिसा. फक्त ॲडमिनना लिहिता येईल असा व्हॉट्सॲपचा सूचना ग्रुप: मेल आल्याची आठवण आणि तातडीचं. वर्गाचा नेहमीचा ग्रुप: रोजचं. आणि आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीत बसणारा माणूस. चौथं साधन लोक गाळतात, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त चालतं. जे मूल ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही ते खोलीत येऊन अर्धा तास बोलतं.

या चौघांत अधिकृत एकच, मेल. व्हॉट्सॲपवर आणि मेलमध्ये वेगळी तारीख आली तर मेलमधली खरी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

परदेशी मुलांचा वेगळा ग्रुप करावा का?

कागदपत्रांसाठी करावा. गप्पांसाठी, मिसळण्यासाठी करू नये. बहुतेक कॉलेजं नेमकं उलट करतात: ‘इंटरनॅशनल स्टुडंट्स’ नावाचा एक ग्रुप काढतात, त्यात सगळं टाकतात आणि काम झालं असं समजतात. अशा ग्रुपमधून मुलाला माहिती मिळते, वर्ग मिळत नाही. त्यातही त्या त्या देशाच्या सीनियर मुलांचा ग्रुप आधीपासून असतोच आणि तो तुमच्यापेक्षा वेगानं चालतो. तो राहू द्या, त्याच्याशी भांडू नका. त्यातल्या एक-दोन सीनियरांशी ओळख ठेवा, म्हणजे तिथे चुकीचं काही फिरायला लागलं की तुम्हाला कळेल.

खरी मेहनत परदेशी मुलाला वर्गाच्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी घेण्यावर करा. व्हिसामुळे कित्येक मुलं सत्र सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यानं येतात. तोवर ग्रुप बनलेला असतो, प्रॅक्टिकलच्या बॅच पडलेल्या असतात, प्रोजेक्टचे गट ठरलेले असतात. उशिरा आलेल्याला ग्रुपमधले जुने मेसेज आपोआप दिसत नाहीत. प्रवेश निश्चित झाला त्याच दिवशी, मूल अजून नैरोबीत असलं तरी, सीआरनं त्याला ग्रुपमध्ये घ्यावं आणि प्रत्येक बॅचमध्ये एखादी जागा मोकळी ठेवावी.

वर्गाचा ग्रुप तर मराठी-हिंदीतच चालतो. सगळ्यांना इंग्रजी लिहा म्हणायचं का?

नको, तसं सांगितलं तर मुलं दुसरा ग्रुप काढतील आणि हा ओस पडेल. एवढाच नियम पुरतो: लेक्चर, खोली, परीक्षा, फी, सबमिशन याबद्दलचा मेसेज असेल तर आधी दोन ओळी इंग्रजीत, मग पुढे हवं त्या भाषेत. ‘उद्या सरांचं लेक्चर नाही रे, डायरेक्ट बाराला या’ हा मेसेज रोमन लिपीत लिहिलेला असला की भाषांतराच्या ॲपलाही नीट कळत नाही. देवनागरीत लिहिलेलं मराठी ॲपला त्यामानानं बरं कळतं. सीआरला हे सांगून ठेवा.

ब्रॉडकास्ट लिस्ट की ग्रुप?

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. नव्या मुलानं तो केलेला नसतो. तुमच्याकडे मेसेज ‘गेला’ दिसतो, त्याच्याकडे काहीच येत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे ब्रॉडकास्टवर विसंबू नका.

साध्या ग्रुपची मर्यादा १,०२४ आहे, ती तुम्हाला आडवी येणार नाही. आडवं येतं ते वेगळंच: ग्रुपमधल्या सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. परदेशी मुलींना अनोळखी नंबरांवरून ‘हाय’ यायला लागतं ते बहुतेक वेळा इथूनच. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या सूचना ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात. सूचनांसाठी तोच वापरा.

पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. ‘पिन केलं होतं की’ हे सत्राच्या शेवटी उत्तर होऊ शकत नाही.

मूल भारतात येण्याआधी कसं बोलायचं?

मेलनं, आणि मेलमध्ये एक ऑनलाइन भेट ठरवून. सगळीकडे सगळी ॲप चालत नाहीत: चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि जीमेल दोन्ही बंद असतात, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही.

भेटीची वेळ आपली दुपारी ४ ठेवा. तेव्हा काठमांडूत सव्वाचार, ढाक्यात साडेचार, काबूलमध्ये तीन, नैरोबी आणि येमेनमधलं सना इथे दीड, लागोसमध्ये सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. सकाळी ११ ची वेळ दिलीत तर लागोसच्या मुलाला पहाटे साडेसहाला उठून बसावं लागेल. शुक्रवार टाळा, बऱ्याच मुस्लिम देशांत ती साप्ताहिक सुट्टी असते.

या भेटीत अभ्यासक्रमावर भाषण नको. तीनच गोष्टी सांगा: विमानतळावरून कुठे आणि कसं यायचं, पहिल्या रात्री कुठे राहायचं, आणि उतरल्यावर कोणत्या नंबरावर कोणाला फोन करायचा. मुंबईत उतरून रस्त्यानं पुण्यात येणाऱ्यांना घाटातल्या प्रवासाचा वेळ आणि टॅक्सीचे साधारण दर आधीच लिहून पाठवा.

आल्यानंतर कोणता मेसेज कधी?

इथे कायद्याच्या मुदती आहेत, म्हणून क्रम पक्का ठेवा.

पहिल्या २४ तासांत: ज्याच्याकडे मूल राहतं त्यानं, मग ते वसतिगृह असो, घरमालक असो की पीजीवाल्या काकू, परदेशी पाहुण्याची ऑनलाइन माहिती द्यायची असते. याला सगळे अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. घरमालकांना हे बहुधा माहीत नसतं. त्यामुळे हा मेसेज मुलाला इंग्रजीत आणि घरमालकाला मराठीत, असा दोघांना स्वतंत्र पाठवा. घरमालकाला फोन केलात तर आणखी बरं. तो घाबरून ‘मला नको ही भानगड’ म्हणाला तर मुलाचं घर जातं.

पहिल्या १४ दिवसांत: १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना ही नोंदणी लागत नाही, काही देशांना वेगळे नियम आहेत. अर्जाला बोनाफाइड (मूल इथे शिकत असल्याचा कॉलेजचा दाखला) लागतो आणि राहण्याचा पुरावा लागतो. गाडं अडतं ते कॉलेजच्या बोनाफाइडवर, कारण ऑफिसला एलिजिबिलिटी पूर्ण झाल्याशिवाय तो द्यायचा नसतो. परदेशी मुलांसाठी तात्पुरत्या प्रवेशाचा बोनाफाइड तिसऱ्या दिवसापर्यंत मिळेल, एवढं प्राचार्यांकडून आधी ठरवून घ्या. आठवण तिसऱ्या, आठव्या आणि अकराव्या दिवशी पाठवा. चौदाव्या दिवशी पाठवलेली आठवण म्हणजे नुसतं घाबरवणं.

पुढे: पत्ता बदलला की पोर्टलवर कळवायचं, आणि व्हिसाची मुदत संपायच्या दोन महिने आधी वाढीची तयारी सुरू करायची. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, हेही पहिल्याच महिन्यात स्पष्ट लिहा. डिलिव्हरीचं काम ‘सगळेच करतात’ असं कोणीतरी सांगणारच आहे.

नोटीस कशी लिहावी?

सही-शिक्क्याच्या कागदाचा तिरका फोटो टाकू नका. त्यातला मजकूर कॉपी होत नाही, शोधता येत नाही, भाषांतराला द्यायला त्रास होतो. फोटो टाकायचाच असेल तर खाली मजकूर टाइप करा.

तारीख आकड्यांत लिहू नका. ०५/०८ म्हणजे कोणाला पाच ऑगस्ट, कोणाला आठ मे. महिना अक्षरांत लिहा आणि वारही लिहा. इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया इथे घरचं कॅलेंडरच वेगळं असतं. इथिओपियात तर तास उजाडल्यापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे दहा म्हणजे तिथले चार. मुलं इथे येऊन सरावतात, पण पहिल्या महिन्यात ‘१०:०० एएम’ असं पूर्ण लिहिलेलं बरं. फीची रक्कम मात्र आकड्यांतच द्या, ‘सव्वा लाख’ कोणाला कळणार नाही.

आणि आपल्या कॉलेजी बोलीची यादी करा. एटीकेटी, बॅकलॉग, टर्म ग्रँट, पीआरएन, हॉल तिकीट, जर्नल, सबमिशन, ओरल, टीसी, बोनाफाइड. हे शब्द इंग्रजी दिसतात म्हणून परदेशी मुलाला कळतील असं आपण धरून चालतो. ‘जर्नल सर्टिफाय करून घ्या’ म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर सरांची सही घ्यायची, हे केनियातून आलेल्या मुलाला कसं उमगावं? तो वाचनालयात शोधपत्रिका शोधत बसतो. प्रत्येक शब्दाला साध्या इंग्रजीत एक ओळ, अशी तीस-चाळीस शब्दांची एकपानी यादी मेलनं पाठवा.

मेसेजचा सांगाडा एकच ठेवा: काय करायचं, कधीपर्यंत, कुठे, सोबत काय न्यायचं, अडलं तर कोणाला विचारायचं. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ हे वाक्य आलं की निम्मे वाचक तिथेच सुटतात, इथलेही.

मेल परत येतात, यादीत नावं सापडत नाहीत. हे का होतं?

आपले फॉर्म नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा तीन रकान्यांचे असतात, आणि पुष्कळ याद्यांत आडनाव आधी येतं. इथिओपियाच्या मुलाच्या नावातला दुसरा शब्द वडिलांचं नाव असतो, आडनाव नसतंच. काही अफगाण पासपोर्टांवर एकच नाव असतं. मग कारकून काहीतरी टिंब, डॅश किंवा तेच नाव दोनदा टाकतो आणि पुढे हॉल तिकिटावर, गुणपत्रिकेवर, व्हिसाच्या कागदांवर तीन वेगळी नावं होतात. उपाय सोपा आहे: सगळीकडे पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळींत जसं नाव आहे तसंच, आणि ‘हाक कशी मारू?’ असा वेगळा रकाना. हजेरी घेताना सर कोणत्या नावानं हाक मारतात ते मुलगा कित्येक आठवडे ओळखतच नाही, असंही होतं.

भारतीय मोबाइल नंबर नाही, ओटीपी येत नाही. काय करावं?

सिम मिळायला पासपोर्ट, व्हिसा आणि इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. तोवर मुलाचं व्हॉट्सॲप घरच्याच नंबरावर असतं, आणि सिम घेतल्यावरही कित्येकजण तो बदलत नाहीत, कारण आई-वडिलांकडे तोच नंबर असतो. तुमच्या यादीत दोन रकाने हवेत: कॉलचा नंबर आणि व्हॉट्सॲपचा नंबर. कॉलेजचा जो फॉर्म भारतीय नंबर किंवा आधारशिवाय पुढेच सरकत नाही, त्याला कागदी पर्याय द्या. आधार परदेशी नागरिकाला मिळू शकतं, पण आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावर. यूपीआयचा क्यूआर कोड ही पहिल्या महिन्यात त्याच्यासाठी बहुधा बंद वाट असते. स्नेहसंमेलनाची वर्गणी असो की सहलीची, रोख घ्यायला कोणीतरी ठेवा, नाहीतर तो येत नाही आणि का येत नाही ते सांगतही नाही.

सोबती विद्यार्थी कसे नेमायचे?

एका सोबत्याकडे तीनच मुलं द्या, आणि सोबती शक्यतो त्याच वर्गातला. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) तासांसाठी नाव देणारे पुष्कळ मिळतात, निभावणारे कमी. त्यांना कामं नेमून द्या: पहिल्या आठवड्यात बँक आणि सिमसाठी सोबत जाणं, मेस दाखवणं, पीएमपी बसचा मार्ग समजावणं, एकदा घरी जेवायला बोलावणं. सहा आठवड्यांनंतर औपचारिक जबाबदारी संपवा. मैत्री झाली असेल तर ती पुढे चालते, नसेल तर दोघांचीही सुटका होते. मुलींना मुलगीच सोबती द्या, पुढे त्यांनी स्वतःहून बदल मागितला तर वेगळी गोष्ट.

मराठी शिकवायची गरज आहे का?

पदवीसाठी नाही, जगायला आहे. वर्गात इंग्रजी चालतं, पण मेसच्या मावशी, गेटवरचे काका, रिक्षावाले दादा यांच्याशी मराठी-हिंदीच लागतं. पंचवीस-तीस वाक्यं पुरतात आणि ती व्हॉइस नोटनं पाठवावी, एका नोटमध्ये एकच वाक्य, आधी सावकाश मग नेहमीच्या वेगानं. ‘दादा, मीटरनं चला.’ ‘मावशी, तिखट कमी.’ ‘इथेच थांबवा.’ ‘उद्या येऊ का?’ ऑफिसातल्या मामांना ‘मामा’ म्हटलं की काम कसं लवकर होतं, हे मुलं दोन आठवड्यांत स्वतःच शोधून काढतात.

वर्गाच्या ग्रुपवर रंगावरून, देशावरून चेष्टा चालते. ‘मस्करी आहे’ म्हणतात.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. रंग, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ तेव्हापासून रॅगिंग मानला जातो, आणि त्यात वाळीत टाकणंही येतं. म्हणजे एखाद्याला ठरवून ग्रुपमधून काढणं किंवा प्रोजेक्टच्या गटात न घेणं हेही त्यात बसू शकतं. ‘काळू’, ‘हबशी’ ही मस्करी नाही. सीआरला हे सत्राच्या सुरुवातीलाच समोर बसवून सांगा.

तक्रार आली तर मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपायला सांगा. ग्रुपवर सर्वांसमोर झाडाझडती घेऊ नका, त्यानं तक्रार करणारा उघडा पडतो. रॅगिंगची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. इतर तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. या समित्यांच्या सदस्यांची नावं आणि मेल पत्ते परदेशी मुलांच्या पहिल्याच मेलमध्ये हवेत. भिंतीवरचा मराठी फलक त्यांच्यासाठी नसल्यासारखाच.

एखादं मूल अगदी गप्प झालं तर?

फोन करा, मेसेज नव्हे. सलग तीन दिवस गैरहजेरी आणि व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ मध्यरात्रीचं, इतकं दिसलं तरी पुरे. फोन उचलला नाही तर सोबत्याला खोलीवर पाठवा. पुण्याला याचं एक जुनं उदाहरण आहे: फर्ग्युसनच्या वसतिगृहात काविळीनं आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना तिथले रेक्टर डॉ. शां. ब. मुजुमदार यांना दिसली, आणि परदेशी मुलांच्या त्या एकटेपणातून पुढे १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. आजही आजारपणात डबा कोण पोचवणार, याचं उत्तर तुमच्या यादीत लिहिलेलं असावं.

टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते. तातडीला ११२. दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करून घ्या, नुसते फॉरवर्ड करू नका.

सणासुदीला काय कळवावं?

काय होणार, कुठला रस्ता बंद, काय बंद राहणार आणि नको असेल तर नाही कसं म्हणायचं. गणेश विसर्जनाच्या दिवशी मध्य पुण्यात वाहन चालत नाही, ढोल-ताशे दुसऱ्या दिवसापर्यंत वाजतात. हे तीन दिवस आधी सांगा, म्हणजे मुलं घाबरायच्या ऐवजी बघायला जातील, आणि कोणाबरोबर जायचं तेही ठरवून द्या. धुळवडीला ‘रंग नको’ म्हणायचा हक्क आहे, हे दोन्ही बाजूंना लिहून कळवा. रमजानमध्ये मेसच्या वेळा बदलतात का, पहाटेचं जेवण रात्रीच बांधून मिळेल का, हे मेसवाल्याशी महिनाभर आधी बोलून घ्या. त्या महिन्यात संध्याकाळी सहा-सातला सबमिशन ठेवू नका.

पासपोर्टच्या प्रती ग्रुपवर मागवल्या तर चालतील का?

नाही. खासगी व्हॉट्सॲपवरही नको. कॉलेजच्या मेलवर किंवा प्रत्यक्ष ऑफिसात, आणि का हवी ते सांगून. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमती मागतो, पण त्याआधी साधी अक्कल आहे: समन्वयकाचा फोन हरवला की साठ पासपोर्ट हरवतात.

हे सगळं चालतंय की नाही, कसं ओळखायचं?

मेसेज किती गेले ते मोजू नका. चौदा दिवसांत नोंदणी किती जणांची झाली, परीक्षेचा फॉर्म लेट फी न भरता किती जणांनी भरला, आणि सत्राअखेर किती प्रोजेक्ट गट मिश्र होते, हे तीन आकडे पाहा. तिसरा आकडा सगळ्यात उशिरा हलतो. तो हलत नसेल तर गट मुलांवर सोडू नका, शिक्षकांनी पाडावेत.

शिक्षण संपल्यावर ग्रुपचं काय?

मूल परत जातं तेव्हा भारतीय सिम बंद पडतं, आणि बंद नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या ग्रुपमध्ये एखादा अनोळखी माणूस त्या मुलीच्या जागी येऊन बसतो. निघण्याआधी व्हॉट्सॲपवरच ‘नंबर बदला’ करून घरचा नंबर लावायला सांगा, सूचना ग्रुपमधून काढा आणि कायमचा मेल पत्ता घ्या. यूजीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत परदेशी माजी विद्यार्थ्यांशी संपर्काचा कक्ष असावा असं आहेच, त्याची यादी इथूनच तयार होते. गुणपत्रिकेची पडताळणी, ट्रान्सक्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र दूतावासातून साक्षांकित करून घेणं, या कामांसाठी ते वर्षा-दोन वर्षांनी तुम्हालाच लिहिणार आहेत, तेव्हा तो पत्ता समन्वयकाच्या खासगी मेलवर नको, पदाच्या मेलवर ठेवा.